शेजाऱ्याकडे बघू नका, त्याच्या कचऱ्याकडे बघा

मागच्या अंकात घरातल्या थिनर, अ‍ॅसिड, ब्लीचच्या बाटल्या कशा ठेवायच्या यावर लिहिलं होतं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की वस्तीत कुणी चोरून ड्रग्ज बनवत असेल तर त्याचा पत्ता बऱ्याचदा पहिल्यांदा नाकाला लागतो. झालं! त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाटल्यांबद्दल कुणी काही विचारलंच नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यावरच.

आधीच सांगतो, मी पोलीस नाही. केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला कळतं ते वाफ, आग आणि सांडपाणी यातलं. आणि दोन वाचकांनी "फक्त कुतूहल म्हणून" माल कसा बनतो, कशात काय घालतात ते विचारलंय. त्यांना उत्तर मिळणार नाही. राग मानू नका.

प्रश्न: काका, आमच्या वरच्या मजल्यावर दोन महिन्यांपूर्वी दोघंजण भाड्याने आलेत. रात्री एक-दीडनंतर मांजरीच्या मुतासारखा आणि त्यात नेलपॉलिश मिसळल्यासारखा वास येतो, सकाळी गायब. खिडक्यांना आतून चांदीचा कागद लावलाय, एक एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू. बोलत कुणाशीच नाहीत. बायको म्हणते तुम्हाला सगळीकडे गुन्हेच दिसतात. मी नक्की काय बघायचं? — झोपमोड झालेला

उत्तर: बायकोचं निम्मं बरोबर आहे, आणि निम्मं तुमचं. मांजरीच्या मुताचा वास सगळ्यात जास्त वेळा मांजरीमुळेच येतो हे आधी डोक्यात ठेवा.

पण तुम्ही वर्णन केलंय तसा वास पोलिसांच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात सापडतो, कारण मुताचा म्हणून जो जाणवतो तो अमोनिया आणि नेलपॉलिशचा जाणवतो तो अ‍ॅसिटोन किंवा तसलंच दुसरं सॉल्व्हंट (थिनरसारखं विरघळवणारं द्रव), आणि बेकायदा लॅबमध्ये ही मंडळी हमखास असतात. कधी जुन्या दवाखान्यात यायचा तसा गोडसर ईथरचा वास, कधी सडक्या अंड्यांचा. नाकाची एक खोड मात्र लक्षात घ्या, ते लवकर दमतं. एकाच वासात वीस मिनिटं बसलात की तो वास "गेला" असं वाटतं, प्रत्यक्षात गेलेला नसतो, तुमच्या नाकाने त्याची नोंद घेणं सोडलेलं असतं. सडक्या अंड्यांच्या वासाचा जो वायू आहे, हायड्रोजन सल्फाइड, तो तर जास्त प्रमाणात असला की वास घेण्याची ताकदच मारून टाकतो, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वेळी माणसाला काहीच जाणवत नाही. आमच्या प्लांटमध्ये नवीन आलेल्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी घोकवून घ्यायचो आणि तरी दर वर्षी एकजण निघायचाच जो बाटलीला नाक लावून "बघू तर" म्हणायचा. तेव्हा तुम्ही खात्री करायला जिन्यात जाऊन खोल श्वास घेऊ नका. बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ काढा, परत या, दार उघडल्या उघडल्या जे जाणवलं ते लिहून ठेवा, तारीख आणि वेळ टाकून. तेवढं पुरे.

खिडकीवरचा कागद. नाइट शिफ्टवाले लावतात, तान्ह्या बाळाचे आईबाप लावतात, उन्हाचा त्रास होणारे लावतात. एकटा कागद म्हणजे काहीच नाही. कागद लावलेला, वर थंडीतही पंखा बाहेरच्या बाजूला हवा फेकतोय, आणि खिडकीतून टेप मारून एखादी नळी बाहेर काढलीय, असं सगळं जुळून आलं तर मात्र कान टवकारा. वाफ बाहेर पडायला हवी पण कुणाला दिसायला नको, ही लॅबवाल्याची कायमची पंचाईत असते आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या खिडकीत ती दिसतेय असं म्हणायला जागा आहे.

आता खरी गोष्ट, कचरा. तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन नावाचा नशेचा पदार्थ, बनवताना तयार मालाच्या पाच-सहा पट कचरा निघतो असं धरतात, म्हणजे एक किलो मालामागे पाच-सहा किलो घाण, आणि ती कुठेतरी टाकावीच लागते. माणूस तोंड बंद ठेवू शकतो, पडदे लावू शकतो, पण कचरा खाऊन टाकू शकत नाही. म्हणून बघायचं झालं तर ते बघा, आणि तेही लांबून. थिनर, अ‍ॅसिटोन, ड्रेन क्लीनरचे रिकामे डबे एवढे की रंगकाम करणाऱ्यालाही लागणार नाहीत, आणि त्यांची लेबलं खरवडलेली. सर्दीच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, एक-दोन नाही, पिशवीभर. चिरून आतलं काढून घेतलेल्या बॅटऱ्या. लाल-पिवळे डाग पडलेले फिल्टर पेपर किंवा फडकी. झाकणाला भोक पाडून नळी खुपसलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. रबरी हातमोजे, मास्क. आणि एक खूण जी मला स्वतःला फार पटते, कारण ती लपवता येत नाही: गॅसच्या सिलिंडरचा पितळी व्हॉल्व्ह निळा-हिरवा पडलेला. अमोनिया पितळेला खातो, आणि ज्या सिलिंडरमध्ये तो मुळात भरायचाच नसतो त्यात कुणी भरला की व्हॉल्व्ह असा रंग धरतो. असला सिलिंडर दिसला तर जवळ जायचंच नाही, तो व्हॉल्व्ह कधीही दगा देऊ शकतो.

काहीजण हा कचरा स्वतःच्या डब्यात टाकतच नाहीत, रात्री गाडीत घालून दुसऱ्या गल्लीतल्या डब्यात टाकून येतात किंवा मागच्या अंगणात जाळतात, किंवा संडासात, मोरीत ओततात. अंगणात गवताचा एकच तुकडा जळाल्यासारखा पिवळा आणि बाकी हिरवं, मोरीच्या जाळीला विचित्र गंज, यातून ते कळतं.

तर तुमच्याकडे आत्ता वास आहे, कागद आहे, पंखा आहे. कळवायला एवढं पुष्कळ आहे. निष्कर्ष काढायला नाही. या दोन गोष्टींतला फरक धरून ठेवा. पोलिसांना "वरच्या मजल्यावर ड्रग्जची लॅब आहे" असं सांगू नका, "गेल्या नऊ रात्रींपैकी सहा रात्री एक ते चारच्या दरम्यान सॉल्व्हंटचा तीव्र वास आला, पंखा चालू होता, खिडक्या आतून झाकलेल्या आहेत" असं सांगा. पहिलं वाक्य ऐकून समोरचा तुम्हाला विचारेल की तुम्हाला काय माहीत, दुसरं ऐकून तो लिहून घेईल.

आणि एखाद्या रात्री वास एकदम वाढला, डोळे चुरचुरले, घसा धरला, तर वही-पेन राहू द्या. लाइटचं बटण चालू करायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते, घरातल्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून फायर ब्रिगेडला फोन करा. तो ड्रग्जचा वास होता की स्वयंपाकाच्या गॅसची गळती, हे तुम्ही ठरवायची गरजच नाही, दोन्हीला करायचं तेच. कित्येक लॅब छापा पडून नाही, आग लागून उघडकीला येतात, आणि ती आग भिंत बघून थांबत नाही.

प्रश्न: आमच्या समोरचा मुलगा दिवसभर झोपतो, रात्री जागतो, हातभर टॅटू, कामधंदा काय करतो कुणाला ठाऊक नाही, पोरं येत-जात असतात. लॅब असेल का? — जागरूक आजोबा

उत्तर: आजोबा, तुम्ही लिहिलेल्या एकाही गोष्टीवरून ते कळत नाही. टॅटूवरून तर अजिबात नाही. रात्री जागून कॉम्प्युटरवर काम करणारी निम्मी तरुण पिढी आहे.

पोरं येतात दोन मिनिटं थांबतात आणि जातात, असं रात्रभर चाललं असेल तर ती विक्रीची खूण असू शकते, बनवण्याची नाही. बनवणाऱ्याला उलट पाहुणे नकोच असतात, तिथे वर्दळ कमी आणि कुलपं जास्त. लोक या दोन गोष्टी एकात एक मिसळतात आणि मग भलत्याच दारावर बोट जातं.

माझंच सांगतो. एकदा शेजारच्या बंद गॅरेजमधून मला आठवडाभर वास यायचा, उग्र, प्लॅस्टिक वितळल्यासारखा, आणि एक बाई मास्क-हातमोजे घालून आत-बाहेर करायची, पंखा रात्रंदिवस. मी एवढा शहाणा माणूस, वीस वर्षं सॉल्व्हंटमध्ये काढलेला, मनात खटलासुद्धा चालवून झाला होता. शेवटी एक दिवस तिनेच हाक मारली, काका तुम्ही केमिकलवाले ना, हे नीट सुकत का नाहीये सांगा. टेबलावर एपॉक्सी रेझिनमध्ये वाळलेली फुलं घालून केलेले कानातले ओळीने मांडलेले, चाळीसेक असतील, सगळे चिकट. हार्डनरचं प्रमाण चुकत होतं तिचं. ते सांगितलं आणि घरी येऊन दोन दिवस स्वतःवरच चिडून होतो. तेव्हापासून माझा नियम, माणूस कसा राहतो ते सोडून द्यायचं, त्याच्याकडून बाहेर काय येतंय ते बघायचं. तिच्या कचऱ्यात रेझिनचे डबे होते, लेबलासकट, दुकानाच्या पिशवीत. मी बघितलेच नव्हते.

प्रश्न: आम्ही काही मित्र दर रविवारी ओढ्याकाठचा कचरा उचलतो. मागच्या वेळी झाडीत पाच निळे पिंप आणि काही प्लॅस्टिकच्या बाटल्या सापडल्या, एक बाटली फुगलेली होती. आमच्यातला एकजण उघडून बघणार होता, आम्ही आवरलं. बरं केलं का? — ओढ्यावाले

उत्तर: त्याला आवरलंत ते फार म्हणजे फारच बरं केलंत. फुगलेली बाटली म्हणजे आत अजून काहीतरी चालू आहे, गॅस तयार होतोय. ती हलवली, झाकण सैल केलं, उन्हात सरकवली तरी फुटू शकते आणि आतला द्रव अंगावर आला तर कातडी जाते, डोळे जातात. आत नळीचा तुकडा, तळाला गाळ किंवा धातूचे बारीक कपटे दिसत असतील तर ती बाटलीच लॅब होती असं समजा. छोट्या प्रमाणावरची मेथ लॅब बाटलीत मावते आणि गाडीच्या डिकीतून फिरते, म्हणून "लॅब" शब्द ऐकून काचेची नळकांडी आणि पांढरा कोट डोळ्यासमोर आणू नका.

पिंपांची गोष्ट वेगळी, ती मोठ्या धंद्याची. नेदरलँड्सचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेलं बेल्जियम, इथे नशेसाठी विकलं जाणारं एमडीएमए आणि अ‍ॅम्फेटामिन बनवणाऱ्यांनी जंगलात, शेताच्या कडेला, ओढ्यात असले पिंप टाकून अक्षरशः वैताग आणलाय. कधी चोरीची व्हॅन पिंपांसकट पेटवून देतात, कधी चालत्या गाडीतून नळी सोडून रस्ताभर ओतत जातात, कधी शेणाच्या टाकीत मिसळतात म्हणजे ते शेतातच पसरतं. एक किलो अ‍ॅम्फेटामिनमागे वीस ते तीस किलो कचरा निघतो असा तिकडचा हिशेब आहे, आणि तो साफ करायचा खर्च जमीन ज्याची त्याच्या गळ्यात पडू शकतो, जो बिचारा सकाळी फिरायला आला आणि बघतो तर काय.

तुम्ही पुढच्या वेळी एवढंच करा. सॉल्व्हंटच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, खड्ड्यात, ओढ्याच्या पात्रात साचून राहतात, म्हणून चढाच्या बाजूला आणि वारा पाठीवर येईल असं उभं राहायचं. फोटो लांबूनच, झूम करून. सिगारेट नाही. कुत्रा बरोबर असेल तर पट्ट्याला धरून मागे न्या, तो आधी तिथेच नाक घालणार. जागा नीट सांगा, मोबाईलमधलं लोकेशन द्या, आणि पोलीस किंवा फायर ब्रिगेड येईपर्यंत दुसऱ्या कुणाला तिकडे जाऊ देऊ नका. हातमोजे घालून उचलू असं म्हणाल, तर तुमचे बागकामाचे हातमोजे असल्या द्रवापुढे कागदासारखे.

प्रश्न: माझा फ्लॅट भाडेकरू रातोरात सोडून गेला. सहा महिन्यांचं भाडं त्याने आगाऊ रोख दिलं होतं आणि दरवेळी बघायला येते म्हटलं की काहीतरी कारण. आता आत डोकं दुखवणारा वास आहे, बाथरूमचा नळ काळा पडलाय, भिंतीला दोनदा रंग मारला तरी पिवळे डाग वर येतायत. पेंटर म्हणतो ओल आहे. — घरमालकीण

उत्तर: ओल असूही शकते. पण रोख आगाऊ भाडं, आत येऊ न देणं, रातोरात जाणं, काळा पडलेला नळ आणि रंगातून फुटून वर येणारा पिवळा डाग, एवढं एकत्र आल्यावर मी तरी पेंटरचं ऐकून तिसरा हात मारणार नाही. वाफा भिंतीच्या प्लास्टरमध्ये, गालिच्यात, गादीत, एसीच्या डक्टमध्ये मुरतात आणि रंग म्हणजे त्यावर घातलेली चादर. आधी पोलिसांना कळवा, त्यांनी बघेपर्यंत काही धुऊ-पुसू नका, आत राहू नका, मोरीत किंवा ट्रॅपमध्ये काही साचलं असेल तर वर पाणी किंवा क्लीनर ओतू नका, आत काय आहे माहीत नसताना त्यात भर घालायची नाही. नंतर स्वतंत्र माणसाकडून भिंतींचे नमुने तपासून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २००९ मध्ये मेथ लॅब झालेली घरं कशी साफ करायची याची सविस्तर मार्गदर्शक सूचना काढली होती, तिचा सूर असा की हवा खेळवा, कापडी-गालिचे-गाद्या टाकून द्या, भिंती-फरशी पुन्हा पुन्हा धुवा, एसीचे डक्ट साफ करा, आणि मग रंग. आपण नेमका शेवट आधी करतो.

पण थांबा, दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये काय झालं ते सांगतो, कारण साफसफाईवाले तुम्हाला घाबरवतील. तिथे १०० चौरस सेंटिमीटरवर दीड मायक्रोग्रॅम मेथ सापडलं की घर दूषित, असा मापदंड २०१७ मध्ये आला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. याच भीतीपायी सरकारी घरांतल्या कित्येक भाडेकरूंना बाहेर काढलं गेलं, घरं महिनोन्‌महिने रिकामी पडली, टेस्टिंग आणि साफसफाईचा धंदा फोफावला. मग २०१८ मध्ये पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांनी अहवाल दिला, की जिथे कुणी फक्त मेथ ओढलंय, बनवलं नाही, त्या घरात नंतर राहायला आलेल्याला असल्या अंशामुळे अपाय होतो याला पुरावाच नाही, आणि मर्यादा दहापट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम असली तरी चालेल. त्याच वर्षी सरकारी गृहसंस्थेने माफी मागून लोकांना भरपाई द्यायचं कबूल केलं. तेव्हा तुमचा प्रश्न तपासणाऱ्याला असा विचारा: इथे कुणी ओढलं होतं की इथे बनवलं होतं? दोन्हीची साफसफाई, खर्च, धोका, सगळं वेगळं. आणि जो तपासतो त्यालाच साफसफाईचं काम देऊ नका, दुसरं काही नाही तरी एवढं कराच.

प्रश्न: मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या एका मुलाच्या कपड्यांना रोज रंगाच्या दुकानासारखा वास येतो, खोकला जात नाही, हातावर एकदा भाजल्यासारखं होतं. विचारलं तर म्हणाला बाबांनी सांगितलंय घरचं कुणाला सांगायचं नाही. — बाई

उत्तर: बाई, त्याला आता आणखी काही विचारू नका. त्याने सांगितलेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना दाखवा आणि मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला आजच कळवा. आईवडिलांना आधी बोलावून "खुलासा" मागू नका. वडील पेंटर असतील, घरात फर्निचर पॉलिशचा धंदा असेल, तरी भाजलेला हात आणि न जाणारा खोकला मुलाकडे लक्ष द्यायला पुरेसा आहे, लॅब सिद्ध व्हायची वाट बघायची नाही. मुलं जमिनीजवळ खेळतात, जड वाफा जमिनीजवळच राहतात, हात तोंडात जातात, म्हणून तेवढ्याच घरात मोठ्या माणसापेक्षा मुलाला जास्त लागतं.

वर्गात त्याच्या वासाबद्दल पोरं चिडवत असतील तर तेही जरा बघा.

प्रश्न: माझं रंग-केमिकलचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक दर दहा दिवसांनी अ‍ॅसिटोन नेतं, रोख देतं, बिल नको म्हणतं. विकू की नको?

उत्तर: नुसतं रोख आणि बिल नको यावरून तो टॅक्स चुकवणारा साधा फर्निचरवालाही निघेल. त्याला एक साधा प्रश्न विचारा, कशाला लागतं हो, कोणत्या ग्रेडचं देऊ? खरा कारागीर यावर दहा मिनिटं बोलतो, उलट तुमच्या मालाच्या तक्रारी सांगतो. ज्याला कामच माहीत नाही तो गडबडतो, चिडतो, किंवा पुढच्या वेळी दुसऱ्याच पोराला पाठवतो. लेबल काढून द्या म्हणाला, किंवा भाव न करता जेवढं आहे तेवढं सगळं द्या म्हणाला, तर विक्री थांबवा आणि कळवा.

हे माझं डोकं नाही बरं का. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या अमली पदार्थविरोधी करारात कच्च्या मालाच्या दोन याद्या आहेत, त्यातल्या दुसरीत अ‍ॅसिटोन, टोल्युइन, सल्फ्युरिक अ‍ॅसिड असली रोजची नावं आहेत. बंदी नाही त्यांच्यावर, कारण अर्धे उद्योग बंद पडतील, पण त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असं देशांनी मान्य केलंय. अमेरिकेत सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनवाल्या गोळ्या, ज्या मेथसाठी पळवल्या जातात, २००६ पासून काउंटरच्या मागे ठेवतात आणि एका गिऱ्हाइकाला दिवसाला ३.६ ग्रॅमच्या वर विकत नाहीत, ओळखपत्र बघून, सही घेऊन. सर्दी झालेला माणूस कुरकुरतो, पण दुकानदाराला "नाही" म्हणायला कागदाचा आधार मिळतो. तुम्हीही एक वही ठेवा, तेवढाच आधार.

प्रश्न: फॉरवर्ड आलंय की फेंटानिलच्या (अफूच्या जातीचं, फार जहाल वेदनाशामक) पावडरला नुसतं बोट लागलं तरी माणूस जागच्या जागी मरतो. खरं का?

उत्तर: नाही. अमेरिकेतल्या विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्येच सांगितलंय की कातडीला सहज लागलेल्या पावडरमुळे असं होणं फारच अवघड आहे. तरी अनोळखी पावडरला हात लावायचा नाहीच, फुंकर तर मुळीच नाही. लागलीच तर साबण आणि भरपूर पाणी, सॅनिटायझर नको. पण कुणी बेशुद्ध पडलेला दिसला, श्वास मंद झालाय, ओठ निळे पडलेत, तर या फॉरवर्डला घाबरून त्याच्यापासून लांब पळू नका, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा.

प्रश्न: पोलिसांना कळवलं आणि लॅबवाल्यांना माझं नाव समजलं तर? त्यापेक्षा बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं तर सगळे मिळून बघतील ना? — नाव छापू नका

उत्तर: ग्रुपवर टाकलंत की पहिल्या पाच मिनिटांत ते त्यांच्यापर्यंत पोचलं समजा, कारण ती माणसंही त्याच ग्रुपवर असतील, किंवा त्यांचा घरमालक असेल. मग रात्रीत माल हलतो, घाईत काहीतरी सांडतं, पेटतं, आणि पोलीस आले तर रिकामी खोली. आणि तुमचा अंदाज चुकला असेल तर एका निरपराध माणसाचं त्या इमारतीत राहणं संपलं, ते परत जोडता येत नाही.

फोन करताना आधी विचारा, निनावी सांगता येईल का, बऱ्याच ठिकाणी येतं. स्वतःच्या दारातून, त्यांना ऐकू जाईल असं बोलू नका. गाडीचा नंबर सहज दिसला असेल तर सांगा, बघायला म्हणून मुद्दाम खाली उतरू नका. आणि कळवून आठ दिवस झाले, काहीच हललं नाही असं वाटलं तर "यांना पैसे पोचले असणार" असं ठरवून मोकळे होऊ नका, असल्या ठिकाणी शिरायला श्वसनयंत्रं आणि केमिकल हाताळणारी माणसं जमवावी लागतात, वॉरंट लागतं. तुम्ही वहीत तारखा टाकत राहा आणि त्याच नंबरवर परत एकदा फोन करा.